डिसेबल केलं तरी सर्व्हिस उठतेच!

संपादक साहेब, नमस्कार.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला तेव्हापासून जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाका असं सगळीकडे छापून येतंय, चांगलंच आहे, मी पण माझ्या ४ जीबी रॅमवाल्या डब्यावर लिनक्सचंच मिंट टाकलं. पण अशा लेखांत "नको ती सर्व्हिस डिसेबल करा, झालं" असं एका ओळीत उरकतात ना (सर्व्हिस म्हणजे मागे आपोआप चालत राहणारा प्रोग्रॅम), त्या एका ओळीत माझे दोन दिवस गेले म्हणून हे पत्र.

माझ्याकडे प्रिंटर नाहीये. प्रिंट काढायची तर पेनड्राइव्ह घेऊन कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे जातो. तरी लॅपटॉप चालू केला की कप्स, म्हणजे छपाईची सर्व्हिस, हजर! स्टॉप केली तर सिस्टमडीनेच, म्हणजे लिनक्समध्ये सर्व्हिस चालू-बंद करणाऱ्या भागानेच, सांगितलं की हिला कप्सचं सॉकेट, म्हणजे मागणी आली की तिला जागं करणारी सोय, परत उठवू शकतं. मग डिसेबल केली, रीस्टार्ट मारला, बघतो तर परत चालू. आधी वाटलं माझंच टायपिंग चुकलं. शोधल्यावर कळलं की कप्स-ब्राउज्ड नावाची अजून एक आहे, नेटवर्कवरचे प्रिंटर हुडकणारी, तिचं कप्सशिवाय चालतच नाही, आणि ती मी बंद केलीच नव्हती, तिनेच हिला उठवलं. म्हणजे डिसेबल म्हणजे फक्त आपणहून उठू नकोस, दुसऱ्याने हाक मारली तर उठायला मोकळी. कायमची बंदी हवी तर मास्क करावं लागतं, त्याने सर्व्हिसचं नाव डेव्ह-नलला, म्हणजे लिनक्समधल्या कायम रिकाम्या फाइलला, जोडलं जातं, मग अनमास्क करेपर्यंत तुम्ही स्वतः स्टार्ट म्हणालात तरी ती हलत नाही.

यात रॅम किती वाचली विचाराल तर फारशी नाही, खरं सांगतो. पण सप्टेंबर २०२४ मध्ये याच कप्स-ब्राउज्डमध्ये सुरक्षेचं भोक सापडलं होतं, ती ६३१ नंबरच्या पोर्टवर, म्हणजे नेटवर्कच्या दारावर, कोणाचंही ऐकत बसायची, बाहेरचा माणूस खोटा प्रिंटर घुसवू शकत होता आणि तुम्ही त्यावर प्रिंट दिली की त्याची कमांड तुमच्या मशीनवर चालायची. गरज नसेल तर बंद करा असंच तेव्हा सांगत होते.

माझा खरा राग वेगळाच आहे. डेबियन-उबंटू या लिनक्सच्या प्रकारांत अपाची, म्हणजे वेबसाइट चालवणारा सर्व्हर, नुसतं इन्स्टॉल केलं तरी ते लगेच सुरू होतं आणि पुढच्या बूटलाही आपोआप उठतं, विचारत पण नाही. फेडोरा या दुसऱ्या प्रकारात तसं नाही, तिथे तुम्ही एनेबल म्हणेपर्यंत गप्प बसतं. मला फेडोराचं पटतं.

आणि हो, मास्क करत सुटू नका. मी जोशात लॉगिन स्क्रीनवाली लाइटडीएम पण मास्क केली आणि काळ्या पडद्यासमोर बसलो, रिकव्हरी मोडमधून अनमास्क केली तेव्हा सुटलो.

तर पुढच्या वेळी लिनक्सवर लेख छापाल तेव्हा डिसेबलच्या शेजारी मास्क पण लिहा एवढीच विनंती.

- एक वाचक, मिरज