सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र : आमची जिनिंग पाडली

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,

सविनय नमस्कार.

आमच्या गावाजवळच्या शहरातली जुनी जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना, सोमवारी सकाळी पाडायला घेतली. पाहणी होईपर्यंत इमारतीला हात लावणार नाही, असे मला लेखी कळवले होते. तो कागद घेऊन मी जेसीबीपुढे उभा राहिलो. कोणी वाचलासुद्धा नाही. ठेकेदाराच्या माणसाने ढकलले, मी विटांच्या ढिगावर पडलो आणि उजवे मनगट मोडले. म्हणून हे पत्र मी सांगतो आहे आणि मुलगी लिहून घेते आहे.

मी अचलपूर तालुक्यातला कास्तकार. पडक्या इमारतींचा नाद मला लहानपणापासूनचा. बाजाराच्या दिवशी बाप सौदा करायचा आणि मी अचलपुरातल्या वेशी, पडके वाडे, अष्टकोनी हौज कटोरा पाहत हिंडायचो. १४९० साली ज्या गावातून इमादशाही वऱ्हाडावर राज्य करू लागली, तिथे दगडादगडाला सांगायला काही असते. पण माझा जीव जडला तो जिनिंगवर, कारण तिथे राजे नव्हते. तिथे माझी आजी होती. रेच्यावर, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रावर, कपाशी टाकायची.

साहेब, तुम्ही ती आतून पाहायला हवी होती. वर मंगलोरी कौले, खाली सागाच्या कैच्या, एकाही तुळईला वाळवी नाही. उंच ओट्यावर रेच्यांच्या दोन रांगा. ओट्याखालून लोखंडी दांडा फिरायचा, त्यावरचे पट्टे एकेक रेचा चालवायचे. रुई एका बाजूला, सरकी खाली. ओतीव लोखंडावर ओल्डहॅम हे गावाचे नाव अजून वाचता येत होते. पलीकडे गाठी दाबायच्या प्रेसची खोली. तिथे पेटीत रुई पायाने तुडवायचे आणि मग दाब देऊन ३९२ पौंडांची गाठ बांधायचे. भिंतीवर कोळशाने गाठींचे आकडे मांडलेले, पाच-पाचाच्या रेघा. लिहिता न येणाऱ्या माणसाने ठेवलेला हिशेब होता तो. ती भिंत सोमवारी दुपारपर्यंत गेली.

वऱ्हाडचा कापूस काय होता, हे मंत्रालयात कोणाला आठवते का? अमेरिकेत १८६१ ते १८६५ युद्ध चालले, तिकडचा माल अडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर आमच्या काळ्या मातीवर पडली. १८७० मध्ये खामगावला रेल्वेचा फाटा आला, उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला होता. पुढे यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर अशी अडीच फुटी रुळांची शकुंतला रेल्वे आली. १८९ किलोमीटरचा रूळ, किलिक निक्सन कंपनीने टाकलेला, कापूस वाहून नेण्यासाठीच. मँचेस्टरमध्ये १९२१ साली बनलेले वाफेचे इंजिन तिच्यावर १९९४ पर्यंत धावले. आता गाडी बंद, स्टेशनांची दारे-खिडक्या लोकांनी नेल्या. रेल्वे तुमच्या खात्यात येत नाही, ठाऊक आहे. पण जिनिंग, प्रेस, स्टेशन, गोदाम ही एकाच कामाची चार अंगे आहेत. आमच्या घामाचा माल कुठून कुठे गेला, याचा पुरावा एवढाच उरला आहे.

आणि त्याला तुमच्या यादीत जागा नाही. राज्य संरक्षित स्मारके पावणेचारशेच्या आसपास आहेत म्हणतात. किल्ले आहेत, लेणी आहेत, देवळे आहेत. असावीतच. पण ज्या छपराखाली हजारो बायांनी हयात घालवली, ते छप्पर वारसा कसे नाही? टेबलापलीकडून मला उत्तर मिळाले, "यादीत नाही तर आमचं काम नाही." मग यादीत घ्या म्हटले, तर म्हणे प्रस्ताव वरून यायला पाहिजे. वरून म्हणजे कुठून? विटा तर खालीच पडताहेत!

या नादापायी मी काय सोसले ते सांगतो. गावात मला विचारतात, "काऊन रे बा, त्या पडक्यात काय गाडून ठेवलं तुह्या आजीनं?" घरात भांडणे झाली. अर्ज, झेरॉक्स, एसटीची तिकिटे यांत बियाण्याचे पैसे गेले. आता ऐन वेचणीत हात प्लास्टरमध्ये, कापूस बोंडातून लोंबतो आहे, मजूर मिळत नाही, बायको एकटी वेचते. याची भरपाई कोणत्या खात्यात मागू?

संविधानाच्या ५१अ कलमात वारसा जपणे हे नागरिकाचे कर्तव्य सांगितले आहे. मी ते केले. तुमच्याकडे प्राचीन स्मारकांचा १९६० चा कायदा आहे, पुरातत्त्व संचालनालय आहे. ते बसते मुंबईच्या सेंट जॉर्ज किल्ल्यात, इथून रात्रभराच्या प्रवासावर. विदर्भ महाराष्ट्रात यावा म्हणून झालेल्या १९५३ च्या नागपूर करारात आम्हाला काय काय शब्द दिले होते! विदर्भ विकास मंडळाची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली, तेव्हा आमच्या गावात कोणाला पत्ताही लागला नाही. हिवाळी अधिवेशनाला तुम्ही सगळे नागपुरात येता, संत्र्याची टोपली घेऊन परत जाता. कापूस नेला, रूळ मोडला, आता कापसाच्या भिंतीही नेता. आमच्याकडून न्यायचे अजून काय बाकी आहे?

जिथे जिनिंग होती ती जागा नझुलाची, म्हणजे सरकारी, लीज संपलेली. तिथे आता दुकानांचे संकुल होणार. गाळे बांधा, पोरांना रोजगार लागतोच. पण मागच्या कोपऱ्यातली प्रेसची खोली आणि धुराडे अजून उभे आहे. ते तेवढे सोडून बांधता येते, नकाशावर मी तशी रेघ मारून दिली होती.

मागणे एवढेच आहे. ते पाडणे आजच्या आज थांबवा. सागाच्या तुळया आणि रेचे भंगारवाल्याला जायच्या आत पंचनामा करा. वऱ्हाडातल्या प्रत्येक तालुक्यातल्या जुन्या जिनिंगचे मोजमाप आणि फोटो घेऊन ठेवा, पाडायच्या आधी, नंतर नव्हे. आणि ज्याने मला लेखी शब्द दिला, त्याला तो शब्द का मोडला हे लेखीच विचारा.

शनिवारी भंगाराचा लिलाव आहे. प्लास्टर बांधलेल्या हाताने मी तिथे उभा असेन. तुमचा माणूस पाठवा.

आपला,
एक कापूस उत्पादक कास्तकार
ता. अचलपूर, जि. अमरावती