नकाशाआधी खड्डा खणा

मा. संपादक,

गावाच्या कडेला नवी वसाहत करायची ठरली की चर्चा रंगते ती छपरावरच्या सौर पॅनेलची आणि अंगणातल्या झाडांची. दोन्ही हवीतच. पण वसाहत टिकणार की नाही, हे बहुतेक वेळा जमिनीखाली ठरते आणि तिकडे कोणी बघत नाही.

शंभर घरे, घरात पाच माणसे, माणशी रोज 100 लिटर पाणी धरले, तर 50 हजार लिटर झाले. त्यातले सुमारे 80 टक्के सांडपाणी होते. भुयारी गटार नसेल तर ते ज्याच्या त्याच्या प्लॉटमध्येच मुरवावे लागते आणि दुसऱ्या कोपऱ्यात बोअरवेल असते! सेप्टिक टँक गाळ खाली बसवतो, बाहेर पडणाऱ्या पाण्यात जंतू राहतातच. हे पाणी शोषखड्ड्यात, म्हणजे जाळीदार भिंतीच्या खड्ड्यात सोडून जमिनीत मुरवतात. जंतूंतले बरेचसे खड्ड्याखालची कोरडी माती अडवते. मैल्यातून तयार होणारे, पाण्यात विरघळणारे नायट्रेट मात्र थेट भूजलात उतरते आणि पाणी उकळून ते जात नाही. म्हणून शोषखड्डा आणि पिण्याच्या पाण्याची विहीर किंवा बोअर यांत निदान 18 मीटर अंतर हवे. भूजलाची पातळीही खड्ड्याच्या तळापासून निदान दोन मीटर खाली हवी, तीसुद्धा भर पावसाळ्यात मोजलेली. उन्हाळ्यातले माप फसवते. वर थोडी माती आणि खाली भेगाळ खडक असेल, तर 18 मीटरही पुरत नाहीत. छोट्या प्लॉटांच्या आराखड्यात शेजाऱ्याची बोअर धरून हे अंतर एकदा मोजून पाहावे.

चाचणी अगदी स्वस्त आहे. प्लॉट पाडण्याआधी चार-पाच ठिकाणी शोषखड्ड्याच्या तळाइतके खोल खणा, बाजू खरवडा, तळाशी पाच सेंटीमीटर वाळू टाका आणि पाणी भरून रात्रभर भिजू द्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी घालून पातळी 25 मिलिमीटर उतरायला किती मिनिटे लागतात ते बघा. तीस मिनिटांच्या आत उतरली तर शोषखड्डा चालेल. साठच्या वर गेली तर खड्डा कितीही मोठा करा, पावसाळ्यात तुंबणारच. तिथे सर्वांत सखल जागा विकू नये, सामाईक शुद्धीकरणासाठी राखावी.

दोन खड्ड्यांच्या शौचालयात तर हमखास चूक होते: दोन्ही खड्डे एकाच वेळी जोडले जातात. एक भरल्यावर दीड-दोन वर्षे बंद राहिला तरच आतल्या मैल्याचे खत होते. काही गवंडी भिंत जाळीदार न ठेवता आतून गिलावा करतात. मग तो शोषखड्डा कसला, ती टाकीच!

विटांचे गणितही मांडायला हवे. एका घराला 15 हजार विटा, वीट तीन किलोची, म्हणजे 45 टन भाजलेली माती. ती शेतातून 15 सेंटीमीटर थराने काढली, तर सुमारे 200 चौरस मीटर जमिनीची सुपीक माती गेली. गावठाणातली रिकामी, पक्क्या पायाची घरे दुरुस्त केली तर यातले बरेच वाचते. पण दुरुस्तीला ना अनुदान सहज मिळते, ना कंत्राटदार.

आमची मागणी एवढीच: आराखड्यासोबत मुरण-चाचणीचे आकडे, पावसाळ्यातली भूजल पातळी आणि प्रत्येक खड्ड्यापासून जवळच्या बोअरचे अंतर जोडल्याशिवाय मंजुरी देऊ नये. टँकमधला गाळ दर दोन-तीन वर्षांनी उपसून टँकर कुठे रिकामा करणार, हेही त्यातच लिहून घ्यावे.

— ग्रामीण पाणी व बांधकाम क्षेत्रातील काही अभियंते