कचरा एकत्र देण्याची सूचना मागे घेण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापकीय समिती

महोदय,

कोरोनाची साथ संपेपर्यंत ओला-सुका वेगळा न करता सगळा कचरा एकाच पिशवीत बांधून, वर सोडियम हायपोक्लोराइट हे जंतुनाशक फवारून दारात ठेवावा, अशी सूचना कमिटीने काढली आहे. त्यामागची काळजी समजते, पण सूचना उलटी आहे.

एकत्र बांधलेली पिशवी पुढे कुणीतरी उघडतंच. सुका माल वेगळा काढायला त्यात हात घालावा लागतो आणि तिथेच कुणाचा तरी वापरलेला मास्क हाताला लागतो. वर्गीकरणाची खरी गरज आत्ताच आहे.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जुलै २०२० च्या सूचना याबाबत पुरेशा स्पष्ट आहेत. ज्या घरात रुग्ण नाही, तिथले मास्क आणि हातमोजे कागदी पिशवीत किमान ७२ तास ठेवायचे, मग कुणी पुन्हा वापरू नये म्हणून कापून सुक्या कचऱ्यात टाकायचे. रुग्ण असलेल्या घरातले मास्क, हातमोजे, स्रावाने माखलेले टिश्यू, सुया, उरलेली औषधं जाळायच्या वैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत. त्याच घरातला बाकीचा ओला-सुका कचरा मात्र पिवळ्या पिशवीत भरायचा नाही. तो घट्ट बांधून वेगवेगळा द्यायचा. सगळंच पिवळ्यात कोंबलं तर जाळण्याच्या भट्टीवरचा भार विनाकारण वाढतो.

फवारणीबद्दलही बोलायला हवं. रुग्णाच्या घरातल्या बांधलेल्या पिशवीवर बाहेरून १ टक्का द्रावण मारणं ठीक. पण आपल्या खतखड्ड्यावर रोज फवारा मारला जातोय, त्याने ओला कचरा कुजवणारे जिवाणूच मरतात. आणि हे द्रावण संडास साफ करायच्या अ‍ॅसिडमध्ये मिसळलं की विषारी क्लोरीन वायू तयार होतो. वॉचमनला हे कुणी सांगितलंय का?

आणखी एक गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त खटकते. दाराला पिवळी पिशवी लटकवायला लावली की तो त्या घरावरचा शिक्काच होतो. मग लोक आजार लपवतात आणि पिवळ्यात जायचं ते गुपचूप सुक्या कचऱ्यात जातं. त्यापेक्षा संबंधित घराने सेक्रेटरींना फोन करावा, त्यांनी पालिकेच्या गाडीची वेळ कळवावी आणि तेवढ्या वेळीच पिशवी बाहेर यावी. नाव बोर्डावर लावायचं काही कारण नाही.

कचरा उचलणाऱ्या मावशींना जाड रबरी हातमोजे सोसायटीच्या खर्चाने द्यावेत. पातळ मोजे पहिल्याच मजल्यावर फाटतात. हात धुवायला खालचा नळ आणि साबण त्यांच्यासाठी खुला ठेवावा. त्या नळाला सध्या कुलूप आहे.

येत्या बैठकीची वाट न बघता सुधारित सूचना काढावी, ही विनंती. मसुदा लिहून द्यायची माझी तयारी आहे.

आपली,
बी विंगमधील एक सभासद