पट्ट्यापासून लांब उभी राहा

चि. मयुरीस आशीर्वाद.

"पप्पा, मी काय लहान आहे का?" म्हणून तू फोन ठेवलास. नाही म्हणत नाही. रविवारी मैत्रिणींसोबत गिरणेच्या वाळूत गाडी शिकायचीच असेल तर जा, आईला मी समजावतो. पण रुतलेली गाडी ओढताना पट्ट्याजवळ उभी राहू नको. तुटलेल्या पट्ट्याने शिरपूरच्या तात्यांचा डोळा गेला, तुला ठाऊक आहे.

पात्रात उतरण्याआधी टायरची हवा काढा. रस्त्यावर ३२ पीएसआय असेल तर १८ करा, फार भुसभुशीत लागली तर १५. टायर पसरतो, भार जास्त जागेवर पडतो, मग चाक कमी रुततं. १२ च्या खाली जाऊ नका, वळताना टायर रिममधून निघतो. परत डांबरीवर येताच हवा भरायची, नाहीतर टायर तापून फुटतो. म्हणून पंप सोबत हवाच.

फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारा गिअर, वाळूत शिरण्याआधीच टाकायचं, रुतल्यावर नाही. अ‍ॅक्सिलरेटर एकसारखा ठेव. क्लच अर्धा दाबून गाडी रेटू नको, प्लेट जळते. थांबायचं तर ब्रेक न मारता गाडी आपोआप थांबू दे, तोंड उताराकडे. ब्रेक मारला की चाकांपुढे वाळूचा ढीग होतो आणि निघताना तोच आडवा येतो. दरड सरळ चढायची. अर्ध्यात अडली तर रिव्हर्स टाकून सरळ खाली ये, तिथे वळवायला गेलीस तर गाडी कलंडते.

चाक जागीच फिरायला लागलं की पाय काढ. आणखी रेस दिलीस तर गाडी पोटावर बसते. चाकांपुढची आणि पोटाखालची वाळू पावड्याने काढा, हवा आणखी थोडी कमी करा, आल्या चाकोरीतून मागे घ्या. जॅक लावलात तर खाली फळी हवी. बहुतेक वेळा एवढ्यात गाडी निघते, ओढायची वेळच येत नाही. आलीच, तर पट्टा चॅसीच्या टो हुकलाच लावायचा. मागे ट्रॉली जोडायच्या लोखंडी गोळ्याला कधीच नाही, तो तुटला की गोळीसारखा येतो. पट्ट्यावर जाड गोधडी टाका. पट्टा ९ मीटरचा असेल तर सगळ्यांनी १५ मीटर लांब. व्हिडिओ काढणाऱ्यांनीसुद्धा.

पुन्हा मास्तरकीच झाली. राग मानू नको. सातवीत असताना तू ट्रॅक्टर बांधावरून रिव्हर्स काढलास, तेव्हा नाना साऱ्या गल्लीत सांगत फिरले होते. मीही सांगितलं, फक्त तुझ्यासमोर नाही. तुझा हात चांगला आहे. माझी भीती तुझ्या हाताची नाही, पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला कोण बसलंय त्याची आहे.

धरणाचं आवर्तन सुटणार आहे का ते शनिवारी भडगावात विचारून घ्या. कोरड्या पात्रातही पाणी येऊन पोचतं. उपशाचे खड्डे वरून दिसत नाहीत, आधी पायी फिरून बघा. डबक्याच्या कडेची ओली वाळू टाळा. सकाळी लवकर जा, ऊन चढलं की वाळू सुटी होते. एकच गाडी असेल तर जाऊ नका.

पट्टा हुकला अडकवायच्या लोखंडी कड्या, शॅकल, कुणाकडे नसतील तर शेडमधल्या निळ्या पेटीत दोन आहेत, ४.७५ टनांचे. शनिवारी भाऊडू जळगावला येतोय, त्याच्याकडे देतो. पट्टा कितीचा आहे ते मैत्रिणीला विचारून कळव.

पप्पा