कुंडीवर पेरणीची तारीख लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या लहान नर्सऱ्यांत हल्ली गुलाब-जास्वंदीच्या शेजारी कोथिंबीर, शेपू, बेसिल, कढीपत्त्याच्या कुंड्याही मांडलेल्या दिसतात. त्यांना गिऱ्हाईकही आहे. पण कोथिंबिरीची कुंडी घरी नेली की आठवड्याभरात तिला फुलाचा दांडा सुटतो, पानं दोऱ्यासारखी बारीक होतात आणि नेणारा 'आमच्या गॅलरीत ऊन नाही' म्हणून गप्प बसतो. बहुतेक वेळा दोष उन्हाचा नसतो. कुंडी विक्रीला ठेवली तेव्हाच तिचं वय उलटलेलं असतं. म्हणून आम्हा रोपं तयार करणाऱ्यांची नर्सरीवाल्यांना एकच सूचना आहे : स्वयंपाकाच्या प्रत्येक रोपाच्या कुंडीवर पेरणीची तारीख लिहा.

कोथिंबीर आणि शेपू ही सोटमुळाची रोपं. वाफ्यातून उपटून कुंडीत लावली की मूळ दुखावतं आणि रोप घाईनं फुलावर येतं. ती जिथं विकायची त्याच कुंडीत पेरावीत. एका धण्यात दोन बिया असतात. लाटण्यानं हलकं रगडून त्यांचे दोन भाग करावेत, भुगा करू नये. रात्रभर भिजवून सावलीत सुकवावेत आणि पाच इंची कुंडीत वीस-पंचवीस भाग एक सेंटिमीटर खोल पेरावेत. उगवायला आठ ते बारा दिवस लागतात. थंडीच्या दिवसांत पंचविसाव्या ते पस्तिसाव्या दिवसापर्यंत कुंडी विकण्याजोगी असते. एप्रिलमध्ये पारा ३५ अंशांच्या पुढे गेला की ही मुदत आणखी आखडते. त्यामुळे एकदम शंभर कुंड्या पेरण्यापेक्षा दर आठवड्याला वीस पेराव्यात. किराणा दुकानातले धणेही उगवतात, पण किती जुने ते कळत नाही. शंभर भाग ओल्या फडक्यात बांधून ठेवावेत. निम्म्याहून कमी भागांना मोड आले तर ते धणे फोडणीलाच बरे. पाकिटातल्या बियाण्यावर उगवणीची टक्केवारी आणि चाचणीची तारीख छापलेली असते, ती वाचावी. लाल-गुलाबी रंगाचं बियाणं औषध लावलेलं असतं. ते उरलं तर चुकूनही स्वयंपाकघरात जाता कामा नये.

माती हा आपल्याकडचा मोठा घोळ. खानापूरकडची तांबडी माती कुंडीत विटेसारखी घट्ट बसते, पूर्वेकडची काळी माती पाणी धरून ठेवते आणि वाळली की भेगाळते. दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक भाग चाळलेलं गांडूळखत आणि एक भाग करपवलेली भाताची तूस हे मिश्रण इथं चांगलं चालतं. तूस काळी हवी; पांढरी राख होईपर्यंत जाळली तर मिश्रण खारं होतं. कोकोपीटमध्येही क्षार असतात, म्हणून ते दोनदा भिजवून पिळून घ्यावं. हे टाळलं की कोवळ्या पानांच्या कडा करपतात आणि नर्सरीवाला खत कमी पडलं असं समजून आणखी खत घालतो!

बेसिलचं बी बारीक असतं. ते प्रो-ट्रेमध्ये (रोपांसाठीच्या खणांच्या प्लॅस्टिक ट्रेमध्ये) वरच्यावर टाकून नुसतं दाबावं, मातीनं झाकू नये. उबेत आठवड्यात उगवतं. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १५ अंशांच्या आसपास आला की रेंगाळतं. फालुद्यासाठी मिळणारा सब्जा बेसिलचाच भाऊ असला तरी त्याचा वास वेगळा. सब्जा पेरून 'इटालियन बेसिल' म्हणून विकणं ही फसवणूक आहे, आणि गोव्याच्या हॉटेलवाल्याला ती पहिल्या पानात कळते. पार्सलीला तीन-चार आठवडे लागतात, तेवढा धीर धरावा. रोझमेरी आणि पुदिना बियांपासून करण्याच्या भानगडीत पडूच नये, काडीच लावावी.

कढीपत्त्याचं मात्र उलट आहे. त्याचं बी ताजंच हवं. पावसाळ्यात फळं काळी-जांभळी झाली की गर धुऊन काढावा आणि त्याच आठवड्यात पिशवीत पेरावं. वाळवून ठेवलेल्या बियांची उगवणशक्ती काही आठवड्यांतच जाते, त्यामुळे पाकिटात मिळणारं सुकं कढीपत्त्याचं बी म्हणजे पैसे पाण्यात. या रोपांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी येते. ती लिंबावरच्या फुलपाखराची. पुढे हिरवी होते आणि दोन दिवसांत रोपाचे खराटे करते. हातानं वेचावी.

पावसाळ्यात सर्वांत जास्त नुकसान होतं ते रोपं कोलमडण्यानं. देठ जमिनीलगत पाणचट होतो आणि रोप आडवं पडतं. दाट पेरणी, संध्याकाळचं पाणी आणि कोंदट हवा ही त्याची कारणं. वर प्लॅस्टिकचं छत, बाजू मोकळ्या आणि पाणी सकाळीच, एवढं पाळलं तर निम्मं दुखणं जातं. मिश्रणात ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला आवर घालणारी उपयोगी बुरशी) पेरणीआधीच मिसळावा. रोपं पडायला लागल्यावर घालून फारसा उपयोग नाही. मावा आला तर पाण्याच्या फवाऱ्यानं धुवावा, फार तर कडुनिंबाचं तेल लिटरला पाच मिली, थोड्या साबणासह. गुलाबावर कीटकनाशक मारायचा पंप इकडे फिरवू नये. ही पानं त्याच संध्याकाळी कोशिंबिरीत पडणार असतात.

तारीख लिहिण्याला खर्च नाही. मार्करची शाई उन्हात महिन्याभरात उडते. पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पट्टीवर साध्या शिसपेन्सिलनं लिहिलेलं टिकतं. पट्टीवर मराठी आणि कन्नड दोन्हींत नाव, पेरणीची तारीख, बियांचं की काडीचं, आणि फवारणी केली असल्यास तिचा दिवस असावा. गिऱ्हाइकांनीही कुंडी उचलण्याआधी ही पट्टी मागावी.

आपले,
रोपं तयार करणारे काही शेतकरी,
येळ्ळूर, ता. बेळगाव