आमच्या डीव्हीआरमध्ये २००० साल चालू होतं

मा. संपादक,
नमस्कार.

परवा तुमच्या पेपरात घर आणि गाडीच्या सुरक्षेवर पानभर मजकूर होता, कॅमेरा कुठला घ्यावा, किती मेगापिक्सेलचा, अॅप कसं वापरावं वगैरे. चांगला होता. फक्त माझ्याकडे त्यातलं सगळं होतं आणि तरी माझी गाडी दारातून गेली, म्हणून म्हटलं दोन ओळी लिहाव्यात. दोनच्या जास्त होतील, सांभाळून घ्या.

गाडी गेल्याचं सकाळी कळलं. काचेचा तुकडा पडलेला नाही, हॉर्न वाजला नाही, चावी आतमध्ये दाराशेजारच्या हुकाला जशीच्या तशी. पहिली पाच मिनिटं मला वाटलं मुलगाच घेऊन गेला असेल, तर तो झोपलेला. मग डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा, लावला तर स्क्रीनवर तारीख २००० सालची! आतला बटणासारखा छोटा सेल कधीतरी संपलेला, त्यात लाइट जाऊन आली की घड्याळ पुन्हा पहिल्यापासून, आणि बसवल्यापासून आम्ही त्या डब्याकडे ढुंकून बघितलेलं नाही. तारीख टाकून शोधायची सोयच नाही. आत्ता किती वाजलेत आणि डीव्हीआर किती म्हणतोय याची कागदावर वजाबाकी करत बसलो, तेव्हा कुठे रात्रीचं रेकॉर्डिंग सापडलं. दोघंजण. एकाच्या हातात बॅग, तो आमच्या दाराला जवळजवळ चिकटून उभा. दुसऱ्याने गाडीचं हँडल ओढलं, आत बसला, आणि गेले, एक मिनिटसुद्धा लागलं नाही. चेहरे? कॅमेरा इतका वर ठोकलाय की दिसतात त्या दोन टोप्या. बसवणारा म्हणाला होता वर लावला की सगळा एरिया कव्हर होतो. होतो खरा, टोप्यांसकट.

मग ट्रॅकर आठवला. मोठ्या हौसेने बसवलेला जीपीएस ट्रॅकर. अॅप उघडलं तर नकाशावर गाडी आमच्याच दारात उभी. ट्रॅकरला उपग्रहावरून स्वतःची जागा कळते पण ती आपल्याला कळवायला त्यात मोबाइलचं सिम लागतं, आणि ते सिम रिचार्जविना बंद पडून किती महिने झाले होते देव जाणे. अॅप बिचारं शेवटची माहीत असलेली जागा दाखवत राहिलं. अजून दाखवतंय.

चावी घरात असताना गाडी उघडली कशी हे नंतर एका ओळखीच्या मेकॅनिकने समजावलं. खिशात चावी ठेवून नुसतं बटण दाबून चालू होणाऱ्या गाड्या असतात ना, त्यात गाडी एक कमजोर सिग्नल सोडते आणि चावी जवळ असली, म्हणजे मीटर-दीड मीटरवर, तरच ती उत्तर देते. बॅगेतलं यंत्र गाडीचा सिग्नल दारातून आत चावीपर्यंत पोचवतं आणि चावीचं उत्तर गाडीपर्यंत, मग गाडीला वाटतं मालक शेजारीच उभाय. गाडीतला इमोबिलायझर, म्हणजे खरी चावी ओळखल्याशिवाय इंजिन चालू न होऊ देणारी सोय, जो युरोपात १९९८ पासून नव्या गाड्यांना सक्तीचा आहे आणि ज्याने वायरी जोडून गाडी पळवणाऱ्यांची पंचाईत केली, तो इथे काहीच करत नाही कारण उत्तर खऱ्या चावीनेच दिलेलं असतं. आणि एकदा चालू झालेली गाडी चावी लांब गेली म्हणून भर रस्त्यात बंद पडत नाही, अपघात होऊ नये म्हणून मुद्दाम तसं ठेवलंय. म्हणजे चोराला फक्त निघायचं असतं.

यावर उपाय म्हणजे चावी धातूच्या डब्यात ठेवायची, सिग्नल बाहेर जात नाही. बायकोची गाडीही तसल्याच चावीची, म्हणून लगेच एक डबा घेतला, चावी आत टाकली, झाकण लावून डबा हातात धरून गाडीपाशी गेलो आणि हँडल ओढलं. उघडली!! झाकण सैल होतं, एवढी फट पुरते. दुसरा डबा घट्ट झाकणाचा, त्याने गाडी गप्प बसली. तेव्हा डबा कुठलाही घ्या, सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, गाडीपाशी जाऊन बघा. काही चाव्या थोडा वेळ हलल्या नाहीत की आपोआप झोपतात, काही गाड्यांत ही चावी खिशातच ठेवून गाडी उघडायची सोय बंदही करता येते, मॅन्युअल कपाटातून काढून वाचा. आणि स्टिअरिंगला अडकवायचा तो जुना लोखंडी दांडा, ज्याला आमचा मुलगा हसतो, तो आता रोज लावतो. तो कापायला वेळ लागतो आणि काचेतून लांबूनच दिसतो.

या सगळ्यानंतर मी घरातली सिस्टीमही एकदा नीट तपासली आणि खरं सांगतो लाज वाटली. हॉलमधला हालचालीचा सेन्सर खिडकीकडे तोंड करून, म्हणे बाहेरून कोणी आलं तर कळेल. तो सेन्सर माणसाच्या अंगाची उष्णता बघतो आणि ती खिडकीच्या काचेतून त्याला दिसतच नाही, शिवाय समोरून सरळ चालत येणाऱ्यापेक्षा आडवा जाणारा त्याला लवकर कळतो, म्हणून तो कोपऱ्यात, येणाजाण्याच्या वाटेला आडवा लावायचा असतो. आमचा तिथे ऊन आलं की उगाच वाजायचा, म्हणून आम्हीच सायरनची वायर काढून ठेवली होती!! मागच्या दाराच्या मॅग्नेटवाल्या सेन्सरचा सेल मेलेला. डीव्हीआर टीव्हीखाली, म्हणजे चोराने टीव्ही नेला तर हाताला लागून तोही जाणार. मेन स्विच घराबाहेर, तो पाडला की राउटर गेला, कॅमेरे गेले. पासवर्ड फॅक्टरीतून आलेला तोच. २०१६ साली मिराई नावाच्या व्हायरसने जगभरातले असलेच न बदललेल्या पासवर्डचे कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेऊन त्यांच्याकरवी मोठमोठ्या वेबसाइट काही तास बंद पाडल्या होत्या, हे मला आता कळतंय. आणि सगळ्यात गंमत दाराची. भारी लॅच, पण ज्या पट्टीत ते अडकतं ती पट्टी चौकटीला अर्ध्या इंचाच्या स्क्रूंनी धरलेली, एका लाथेचं काम. लांब स्क्रू लावून घेतले, पूर्ण खर्चात सगळ्यात स्वस्त काम तेच निघालं.

एक मात्र तुमच्या मजकुरात यायला हवं होतं. घरासाठीचा कॅमेरा पहिल्यांदा डोक्यात आला तो मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन या न्यूयॉर्कच्या नर्सच्या. ड्यूटी वेळीअवेळी, घरी बऱ्याचदा एकटी, पोलीस यायला उशीर. तिने आणि नवऱ्याने मिळून १९६६ ला पेटंटचा अर्ज केला, १९६९ ला मिळालं. दाराला वेगवेगळ्या उंचीवर भोकं, म्हणजे उंच माणूस आला काय नि बुटका आला काय, कॅमेरा वरखाली सरकून चेहराच दिसणार. आतून बोलता येणार, बटण दाबून दार उघडता येणार आणि दुसऱ्या बटणाने मदतीला हाक जाणार. बाईने चेहऱ्याच्या उंचीचा विचार तेव्हा केला होता हो! आणि माझ्या घरी टोप्या.

म्हणून विनंती एवढीच की पुढच्या वेळी काय विकत घ्यावं यासोबत घेतलेलं चालू आहे का ते कसं बघावं हेही द्या. मी आता महिन्यातून एकदा मुद्दाम दार उघडून सायरन वाजवतो, रात्रीचं एक रेकॉर्डिंग काढून बघतो (परवा कोळ्याने लेन्सवर जाळं केलेलं, अख्खं चित्र पांढरं), ट्रॅकरचं सिम बघतो. शेजारी वैतागतात, त्यांना आधी सांगून ठेवलंय, आता तेही त्याच दिवशी आपापलं तपासतात.

पत्र छापलंत तर बरं. नाही छापलंत तरी ऑफिसातल्या डीव्हीआरचं घड्याळ तेवढं बघून घ्या.

आपला,
एक नेहमीचा वाचक