सूचना : कमोडची जागा बदलण्याआधी

सर्व सभासदांना नमस्कार.

बाथरूमच्या नूतनीकरणात कमोड हलवायचा असेल, तर तोडफोडीआधी सोसायटीला लेखी कळवून नकाशा द्यावा. कमोड उभ्या पाइपपासून जितका लांब, तितकी पाइपच्या उतारासाठी फरशीखाली खोली जास्त लागते. ४ इंची पाइपला दर मीटरमागे साधारण २५ मिलिमीटर. तेवढी खोली नसेल तर मैला तुंबतो. मिस्त्री कितीही ‘होऊन जाईल’ म्हणाला तरी पाइपसाठी स्लॅब किंवा बीम फोडू देऊ नका. खालच्यांच्या स्वयंपाकघरावर कमोड येता कामा नये.

वॉटरप्रूफिंगनंतर, टाइल्स बसवण्याआधी ४८ तास पाणी भरून ठेवा आणि खालच्या घरी जाऊन छत स्वतः पाहा. माझ्या छतातून असंच पाणी ठिबकलं आहे. तो त्रास कुणालाच नको.

– सचिव